अल्ट्रामॅरेथॉनची पूर्वतयारी : पांढुर्णा-सौंसरचे ऊन आणि किनाऱ्याचा दमटपणा

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. त्याहून अधिक अंतराच्या कोणत्याही धावण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. या प्रकारात वेगाला दुय्यम स्थान आहे. सहा तासांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत शरीर चालते ठेवायचे असल्याने ऊन, पाणी, मीठ, अन्न आणि पावले यांचा मेळ कोण राखतो, यावर शर्यतीचा निकाल ठरतो. उष्ण प्रदेशात तर हा मेळ बिघडल्यास जिवावर बेतू शकते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांत कोरडे, भाजणारे ऊन आहे, तर गोव्याच्या किनाऱ्यावर दमट उष्मा आहे. दोन्हीकडच्या धावपटूंना पूर्वतयारीची तत्त्वे सारखीच लागू होतात, पण त्यांचा वापर वेगळा करावा लागतो.

प्रकार आणि अंतरे

अल्ट्रामॅरेथॉनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अंतर ठरलेले असते. ५० किलोमीटर, ५० मैल म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, १०० किलोमीटर आणि १०० मैल म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर ही त्यातील रूढ अंतरे होत. दुसऱ्या प्रकारात वेळ ठरलेली असते. ६, १२, २४ किंवा ४८ तासांत जो अधिक अंतर कापील, तो विजयी ठरतो. रस्ता, मैदानावरील धावपट्टी आणि डोंगरवाट अशा तिन्ही ठिकाणी या शर्यती होतात. बहुतेक शर्यतींना कमाल वेळमर्यादा असते आणि मधल्या टप्प्यांवरही ठरावीक वेळेत पोहोचावे लागते.

या प्रकारातील सर्वांत जुन्या व प्रतिष्ठित शर्यतींपैकी एक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ विक क्लॅफम यांनी १९२१ मध्ये ती सुरू केली. दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधील सुमारे ९० किलोमीटरचे अंतर १२ तासांत पार करावे लागते. ग्रीसमधील अथेन्स ते स्पार्टा ही २४६ किलोमीटरची स्पार्टाथलॉन १९८३ पासून होते. आंतरराष्ट्रीय अल्ट्राधावक संघटनेची स्थापना १९८४ मध्ये झाली.

भारतातही या प्रकाराने मूळ धरले आहे. लडाखमधील खारदुंगला चॅलेंज ही ७२ किलोमीटरची शर्यत विरळ हवेची परीक्षा घेते. महाराष्ट्रात सिंहगड-राजगड-तोरणा या किल्ल्यांना जोडणारी डोंगरवाटेची शर्यत, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील ५० किलोमीटरची शर्यत आणि मुंबईत शिवाजी पार्क परिसरातून १५ ऑगस्टला होणारी १२ तासांची धाव परिचित आहेत. पुण्याचे आशीष कासोदेकर यांनी सलग ६० दिवस दररोज एक पूर्ण मॅरेथॉन धावण्याचा उपक्रम जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण केला. त्याच वर्षी बंगळूरूत झालेल्या आशिया-ओशनिया २४ तास स्पर्धेत भारताच्या अमरसिंग देवंदा यांनी २५७ किलोमीटरहून अधिक अंतर कापून सुवर्णपदक मिळवले.

पांढुर्णा-सौंसरची भूमी

पांढुर्णा आणि सौंसर हे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्याचे तालुके होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. हा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख असून बोली, आहार आणि ऋतुमान या तिन्ही बाबतींत तो विदर्भाशी एकजीव आहे.

धावपटूच्या दृष्टीने या भागाची रचना उपयुक्त आहे. नागपूरकडून येणारा रस्ता सावनेरजवळ दोन दिशांना फुटतो. एक पांढुर्ण्यावरून तापीच्या उगमस्थानाकडे, मुलताईकडे चढत जातो, तर दुसरा सौंसर, रामाकोनामार्गे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर पोहोचतो. म्हणजे सखल काळी जमीन आणि सातपुड्याचा चढ हे दोन्ही हाताशी आहेत. मात्र हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत आणि त्यांवर मालमोटारींची वर्दळ अखंड असते. लांब सरावासाठी शेतांमधील पांदण रस्ते आणि गावांना जोडणारे अंतर्गत डांबरी रस्ते अधिक सुरक्षित ठरतात. महामार्गाचा तुकडा टाळता येत नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून धावावे आणि अंधारात प्रकाश परावर्तित करणारी पट्टी अंगावर ठेवावी.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा येथील सरावाचा उत्तम काळ होय. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सूर्योदयापूर्वीच लांब धाव संपवावी लागते. पावसाळ्यात काळी माती बुटांच्या तळव्यांना किलोकिलोने चिकटते, पाऊल घसरते आणि घोटा मुरगळतो. त्या चार महिन्यांत डांबरी रस्ताच बरा. पांदणीवर बाभळीचे काटे पातळ तळव्यातून आरपार जातात आणि अंधारात सापांचा धोका असतो. म्हणून तेथे दिव्याशिवाय धावू नये.

पायी चालण्याची परंपरा या मातीत जुनी आहे. सौंसरजवळच्या जामसावळी येथील हनुमान मंदिरात भाविक पायी येतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी तीन आठवड्यांच्या आतबाहेर कापतात. गोव्यातूनही दिंड्या पंढरीला जातात. वारी ही शर्यत नव्हे. तरीही समगती, ठरलेले विसावे, थोडे थोडे खाणे आणि रोज संध्याकाळी पायांची निगा हे तिचे नियम अल्ट्राधावकाच्या नियमांशी जुळतात.

शरीरात काय घडते

धावताना प्रत्येक किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ५० किलोमीटरसाठी सुमारे ३,००० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेनपासून साधारण १,६०० ते २,००० किलोकॅलरी मिळतात. उरलेली ऊर्जा चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या अन्नातून यावी लागते. संथ गतीत चरबी अधिक वापरली जाते. वेग वाढला की ग्लायकोजेन झपाट्याने संपते. सुरुवातीच्या १५ किलोमीटरमध्ये उत्साहाने वेग वाढवणारा धावपटू शेवटच्या १५ किलोमीटरमध्ये का कोलमडतो, याचे कारण येथे सापडते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनातून बाहेर पडते. पांढुर्ण्याच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. अंग कोरडे वाटते आणि किती पाणी गेले, याचा अंदाजच येत नाही. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम उडत नाही, तो नुसता गळतो. अंग भिजते पण थंड होत नाही. त्यामुळे पहिल्या ठिकाणी तहान आणि पाण्याचा हिशेब यांवर लक्ष द्यावे लागते. दुसऱ्या ठिकाणी वेगच कमी करावा लागतो, कारण कितीही पाणी प्यायले तरी न उडणारा घाम शरीर थंड करू शकत नाही.

उष्म्याशी जुळवून घेण्याची शक्ती शरीरात असते. १० ते १४ दिवस रोज तासभर उष्ण हवेत मंद गतीने धावल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातील मीठ कमी होते. सराव थांबल्यावर काही आठवड्यांत हा लाभ ओसरतो. म्हणून उन्हाळी शर्यतीच्या अगोदरचे दोन आठवडे या जुळवणीसाठी राखून ठेवावेत. ही जुळवणी सकाळी उशिरा किंवा सायंकाळच्या उन्हात करावी, मे महिन्यातील भर दुपारी नव्हे.

सरावाचे वेळापत्रक

२१ किलोमीटर सहज धावू शकणाऱ्या निरोगी व्यक्तीला ५० किलोमीटरच्या तयारीसाठी साधारण २४ आठवडे लागतात. जानेवारीतील शर्यतीसाठी ऑगस्टमध्ये प्रारंभ करावा. त्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आणि घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी ती टाळूच नये.

पहिले ८ आठवडे : आठवड्याचे एकूण अंतर ४० वरून ५५ किलोमीटरपर्यंत न्यावे. धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकीच गती ठेवावी. आठवड्यातून दोनदा मांड्या, पोटऱ्या आणि कमरेचे व्यायाम करावेत.

९ ते १६ आठवडे : एकूण अंतर ७० किलोमीटरपर्यंत न्यावे. रविवारची लांब धाव ३० किलोमीटरची असावी. आलटून पालटून एका आठवड्यात शनिवारी २४ आणि रविवारी १६ किलोमीटर अशी जोडधाव घ्यावी. थकलेल्या पायांनी धावण्याची सवय तिच्यातून लागते.

१७ ते २१ आठवडे : एकूण अंतर ७० ते ८० किलोमीटर असावे. ३६ ते ४० किलोमीटरची एक किंवा दोन लांब धावा घ्याव्यात. शर्यतीत जे खायचे, प्यायचे आणि घालायचे, ते सर्व याच धावांत वापरून पाहावे.

२२ ते २४ आठवडे : अंतर क्रमाने ७०, ५० आणि ३० टक्क्यांवर आणावे. या काळात विश्रांतीने मिळणारा लाभ अधिक धावण्याने मिळणार नाही.

दर तीन आठवडे अंतर वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात ते कमी करावे. डोंगरवाटेच्या शर्यतीसाठी उताराचा सराव चढाइतकाच आवश्यक आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि सर्वाधिक इजा तेव्हाच होते. रात्रीच्या शर्यतीसाठी निदान दोन लांब धावा डोक्यावर दिवा लावून अंधारात कराव्यात.

मध्ये चालणे यात कमीपणा नाही. २५ मिनिटे प्रति किलोमीटर ७ मिनिटे गतीने धावून ५ मिनिटे प्रति किलोमीटर ११ मिनिटे गतीने चालल्यास सरासरी साडेसात मिनिटांच्या आत राहते आणि ५० किलोमीटर सुमारे सव्वासहा तासांत पूर्ण होतात. चालण्याच्या त्याच पाच मिनिटांत खाणे-पिणेही उरकते.

अन्न

धाव दीड तासाहून लांबली की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. २० ग्रॅम गुळातून जवळपास तितकीच मिळतात. म्हणजे एक केळे आणि गुळाचा एक खडा यांत तासाची सोय होते. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, संत्र्याच्या फोडी हे पदार्थ पचतात आणि कोठेही मिळतात. विकत मिळणाऱ्या जेलच्या पुड्या सोयीच्या असल्या तरी त्या अनिवार्य नाहीत. ४० किलोमीटरनंतर गोडाची शिसारी येते. तेव्हा विदर्भातील धावपटूला ताक किंवा ज्वारीची आंबील आणि गोव्यातील धावपटूला मीठ घातलेली पेज रुचते. पोटही सरावानेच तयार होते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये.

पाणी आणि मीठ

प्रत्येकाचा घाम वेगळा असतो आणि तो मोजता येतो. धावण्यापूर्वी आणि तासभर धावल्यानंतर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. वजन ६० किलोवरून ५९.१ झाले आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायले असेल, तर तासाला १.२ लिटर घाम गेला. हे मोजमाप थंडीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळे करून वहीत नोंदवावे.

गेलेला सर्व घाम वाटेतच भरून काढण्याची आवश्यकता नसते. शर्यतीअखेर वजनात दोन-तीन टक्के घट बहुतेकांना सोसते. वजन वाढणे मात्र धोक्याचे असते. अतिरिक्त पाण्याने रक्तातील सोडियम विरळ होऊन लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेले की डोकेदुखी, मळमळ, बोटांवर सूज, भ्रम आणि पुढे झटके येऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेतील लांब पल्ल्याच्या शर्यतींमधील असे रुग्ण संशोधक टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये वैद्यकीय जगासमोर मांडले. तोवर ‘जितके पाणी तितके चांगले’ असा समज रूढ होता. आता तहानेप्रमाणे पिणे हाच मुख्य नियम मानला जातो. अशा रुग्णाला उष्म्याचा त्रास समजून आणखी साधे पाणी पाजणे घातक ठरते. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ हे जलसंजीवनीचे घरगुती प्रमाण आहे. त्यात लिंबू पिळता येते. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरमध्ये मिसळू नये. कैरीचे पन्हे आणि कोकम सरबत ही आपल्याकडची पेयेही मीठ घालून उपयोगी पडतात.

साहित्य

बूट : नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या आकाराने मोठे घ्यावेत, कारण काही तासांनंतर पाय सुजतात. दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्यांचा दाब झेलण्याचा गुण कमी होतो. जांभ्या दगडाच्या किंवा डोंगरी वाटेवर खाचा असलेला तळवा लागतो.

मोजे आणि कातडी : सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे मोजे वापरावेत. जांघा, काख आणि बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली लावावी. गोव्याच्या पावसाळ्यात पाय तासन्‌तास ओले राहून कातडी सुटते. तेथे मोज्यांचा कोरडा जोड सोबत असलाच पाहिजे.

डोके : पुढे झडप असलेली टोपी आणि मानेवर सुती दुपट्टा घ्यावा. विदर्भात उन्हाळ्यात कानावरून दुपट्टा गुंडाळण्याची रीत आहे. तोच ओला करून मानेवर ठेवल्यास कोरड्या हवेत चांगला गारवा मिळतो.

पाठपिशवी : दीड ते दोन लिटर पाणी, दिवा व जादा बॅटरी, शिट्टी, भ्रमणध्वनी, क्रेप बँडेज, ओळखपत्र, घरच्यांचा संपर्क लिहिलेला कागद, वारा अडवणारे पातळ जाकीट आणि अंगाभोवती गुंडाळायचा चंदेरी पत्रा. भरलेली पिशवी घेऊनच लांब धावा कराव्यात.

उष्ण प्रदेशातील धावपटूला जाकीट अनावश्यक वाटते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. वारा अडवणारे जाकीट तेथे अनिवार्य साहित्याच्या यादीत नव्हते. सह्याद्रीत किंवा सातपुड्यात हिवाळी पहाटे घामाने भिजलेले अंग वाऱ्यात थांबले की वेगाने गार पडते.

धोक्याची चिन्हे

धावणाऱ्याचे बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला किंवा तो अकारण चिडू लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे आतील तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. घाम सुटत असला तरी उष्माघात नाही, असे मानू नये. या स्थितीत आधी थंडावा आणि मग वाहन, हा क्रम आहे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवता आले तर वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पांढुर्णा-सौंसरच्या आतल्या वाटांवरून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोहोचण्यास दीड-दोन तास लागू शकतात. तेवढा वेळ मेंदू आणि मूत्रपिंडे तापलेली राहणे परवडत नाही. जवळच्या विहिरीवरील हौद किंवा शेतातील पाण्याची टाकी हाच तेथे पहिला उपचार. रुग्णाला आधार देऊन मानेपर्यंत पाण्यात बसवावे. ते शक्य नसल्यास सर्वांगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडातून काहीही देऊ नये. १०८ क्रमांकावर संपर्क साधत असतानाही थंडावा देणे थांबवू नये. सरावाचा मार्ग आखतानाच त्यावरील पाण्याच्या जागा टिपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे हे स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आल्याचे चिन्ह आहे. धाव तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नयेत. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. छातीत दुखणे, भोवळ किंवा एकाच जागी वाढत जाणारी हाडाची वेदना ही थांबण्याची निर्विवाद कारणे आहेत.

एकट्याने लांब सरावाला निघताना मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे. शक्यतो सोबती घ्यावा. भ्रमाच्या अवस्थेत स्वतःचा उष्माघात स्वतःला ओळखता येत नाही. तो शेजारी धावणाऱ्यालाच आधी दिसतो.